निवासांतर आणि मोटारगाडी : यूरोपातील जकातमाफीचा एक ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

यूरोपातील आर्थिक एकीकरणाचा इतिहास सांगताना दोन तारखांचा उल्लेख हमखास केला जातो. १ जुलै १९६८ रोजी यूरोपीय आर्थिक समुदायाच्या सहा राष्ट्रांमधील परस्पर जकाती संपुष्टात आल्या, आणि १ जानेवारी १९९३ रोजी बारा राष्ट्रांमधील सरहद्दींवर होणारी करतपासणी थांबली. या दोन टप्प्यांनंतर राष्ट्राराष्ट्रांमधील आर्थिक सीमा नाहीशी झाली, असा निष्कर्ष सामान्यतः काढण्यात येतो. व्यापारी मालापुरता तो बराचसा खरा आहे. परंतु व्यापाऱ्याऐवजी बिऱ्हाड हलविणाऱ्या सामान्य माणसाच्या दृष्टीने या इतिहासाकडे पाहिले, म्हणजे चित्र पालटते. एका देशातील घर मोडून दुसऱ्या देशात कायम राहावयास जाणाऱ्या माणसाच्या सामानात मोठ्या किमतीची, यंत्रबद्ध आणि प्रत्येक राज्याच्या दप्तरात क्रमांकाने नोंदली जाणारी वस्तू बहुधा एकच असते. ती म्हणजे मोटारगाडी. तिच्या आयातीचा इतिहास तपासला असता आर्थिक सीमा कोठे नाहीशी झाली व कोठे केवळ स्थलांतरित झाली, हे स्पष्टपणे दिसू लागते.

प्रस्तुत लेखात या इतिहासाचे तीन टप्पे विचारात घेतले आहेत : प्रवाशाच्या गाडीला मिळालेली तात्पुरती सूट, रहिवाशाच्या गाडीला मिळालेली कायम सूट, आणि जकातीची जागा नोंदणीकराने घेतल्यानंतर उद्भवलेला वाद.

२. सामान की माल ?

परदेशातून वस्तीसाठी येणाऱ्याच्या वापरातील वस्तूंवर जकात घेऊ नये, हे तत्त्व मोटारगाडीहून पुष्कळच जुने आहे. अमेरिकेच्या १७९९ च्या जकातवसुली कायद्यात अंगावरील कपडे, खाजगी सामान आणि कारागिराची हत्यारे यांना सूट होती. या सुटीमागील विचार साधा होता. जकात ही व्यापारावर बसवावयाची. वापरलेली भांडीकुंडी, कपडे वा करवत ही विक्रीसाठी आणलेली नसल्यामुळे त्यांच्यावर ती बसविण्यास कारण उरत नाही. येणाऱ्या कारागिराची हत्यारेच अडवून धरली, तर त्याच्या येण्याचा राज्याला होणारा लाभही बुडतो, हेही सुज्ञ राज्यकर्त्यांना ठाऊक होते.

मोटारगाडीने या साध्या विचारात अडचण उत्पन्न केली. ती मालकाच्या नित्य वापरातील वस्तू आहे. परंतु वापरल्यानंतरही तिला चांगली किंमत येते आणि ती चटकन विकली जाते. शिवाय विसाव्या शतकाच्या प्रारंभी ती चैनीची वस्तू मानली जात होती व तिच्यावर करही त्याच दृष्टीने बसविला जात असे. इंग्लंडमध्ये १९१५ साली अर्थमंत्री रेजिनल्ड मॅकेन्ना यांनी मोटारी, घड्याळे, वाद्ये इत्यादी आयात वस्तूंवर किमतीच्या एकतृतीयांश इतकी जकात बसविली. युद्धकाळात जहाजांतील जागा आणि परकीय चलन वाचविणे, हा तिचा उघड हेतू होता. युद्ध संपले, तरी जकात राहिली. १९२४ साली मजूर पक्षाच्या सरकारात फिलिप स्नोडेन यांनी ती रद्द केली, आणि पुढच्याच वर्षी विन्स्टन चर्चिल यांनी ती पुन्हा बसविली. युद्धाच्या निकडीतून जन्मलेला कर शांततेच्या काळात देशी कारखानदारीचे कवच बनला. इतकी जड जकात असलेल्या वस्तूला 'वापरातील सामान' म्हणून सरसकट सोडून दिले, तर त्या नावाखाली व्यापार चालण्याची भीती होती. आणि सामान म्हणून मुळीच मानले नाही, तर प्रामाणिक रहिवाशावर अन्याय होत होता. पुढील सर्व नियमांची गुंतागुंत या एका पेचातून निर्माण झाली आहे.

३. पाहुण्याची गाडी

राज्यांनी या पेचाचा सोपा भाग प्रथम सोडविला. जो माणूस गाडी घेऊन येतो व गाडी घेऊनच परत जातो, त्याच्याकडून जकात घेण्याचे कारण नाही. प्रश्न केवळ तो खरोखर परत जाईल किंवा नाही, एवढाच. ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिस येथे मोटार-वाहतुकीसंबंधी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. गाडी व चालक यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे आणि गाडीच्या मागे लावावयाची, देशाची आद्याक्षरे दाखविणारी लंबवर्तुळाकार पाटी ही त्या कराराची देणगी होय. मात्र जकातीचा प्रश्न त्याने सोडविला नाही. ती उणीव भरून काढण्याचे काम सरकारांनी न करता मोटार-मंडळांनी केले, ही या इतिहासातील लक्षणीय गोष्ट आहे. प्रवासी संघांची आंतरराष्ट्रीय संघटना १८९८ साली आणि मोटार-मंडळांची संघटना १९०४ साली स्थापन झाली होती. त्यांच्या सभासद-संस्थांनी हमीपत्राची जी पद्धत रूढ केली, तीत एका देशापुरता चालणारा 'त्रिप्तीक' हा तिहेरी कागद आणि अनेक देशांत चालणारी 'कार्ने' ही वही असे दोन प्रकार होते.

कार्नेची रचना एखाद्या हुंडीसारखी व्यवहारी होती. तिच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असत. देशात शिरताना जकात-अधिकारी एक भाग फाडून घेई, देशाबाहेर पडताना दुसरा भाग फाडला जाई, आणि वहीत राहिलेल्या स्थळप्रतीवर दोन्ही वेळचे शिक्के उमटत. दोन्ही शिक्के असले, की व्यवहार पुरा झाला. बाहेर पडल्याचा शिक्का नसला, तर त्या देशाचे जकात-खाते मालकाच्या मागे न लागता वही देणाऱ्या मंडळाकडे रक्कम मागे, आणि मंडळ ती मालकाने ठेवलेल्या अनामतीतून वा हमीतून वसूल करी. राज्याचा विश्वास व्यक्तीवर नव्हता. व्यक्तीला ओळखणाऱ्या संस्थेवर होता.

या प्रथेला व्यापक आंतरराष्ट्रीय कायद्याचे रूप ४ जून १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे झालेल्या, खाजगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीविषयीच्या जकात-कराराने लाभले. देशाबाहेर नेहमी राहणाऱ्या व्यक्तीची, तिच्या खाजगी वापराची आणि तात्पुरत्या भेटीसाठी आणलेली गाडी परत नेण्याच्या अटीवर बिनजकात आत घ्यावी, असे त्याने ठरविले. कागदपत्रांची मुदत एक वर्षाहून अधिक असू नये, असेही बंधन घातले. अपघातात फार मोडतोड झालेली गाडी परत नेण्याची सक्ती नसावी. तिच्यावरील जकात भरावी, ती राज्याच्या स्वाधीन करावी किंवा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली नष्ट करावी, अशी तरतूदही त्यात आढळते. मोडक्या गाडीच्या सांगाड्यावरही राज्याची नजर होती, हे यावरून दिसते.

या कराराचा सारा डोलारा एकाच शब्दसमूहावर उभा आहे : 'देशाबाहेर नेहमी राहणारा'. गाडी कोठे तयार झाली व कोणी विकली, यापेक्षा तिचा मालक कोठे राहतो, या प्रश्नाला येथे प्राधान्य मिळाले. परंतु त्यामुळेच ज्या दिवशी पाहुणा रहिवासी होतो, त्या दिवशी सूट संपते. कार्ने हे प्रवाशाला वरदान होते; स्थायिक होऊ इच्छिणाऱ्याला मात्र ते निरुपयोगी होते.

४. २८ मार्च १९८३

रहिवाशाच्या गाडीचा प्रश्न यूरोपीय समुदायात दीर्घकाळ प्रत्येक राष्ट्राच्या स्वतंत्र नियमांवर सोपविलेला होता. १९६८ नंतर सभासद-राष्ट्रांमधील जकात उरली नाही. तथापि उलाढालकर, उत्पादनकर आणि वाहनांवरील विशेष कर कायम होते, आणि ते आयातीच्या वेळी वसूल होत असत. म्हणून २८ मार्च १९८३ रोजी मंत्रिपरिषदेने एकाच दिवशी चार नियम संमत केले. त्यांपैकी एकाने तात्पुरत्या आणलेल्या वाहनांना, दुसऱ्याने सभासद-राष्ट्रातून कायमच्या आणलेल्या खाजगी मालमत्तेला करमाफी दिली. उरलेल्या दोहोंनी समुदायाबाहेरून येणाऱ्या वस्तूंवरील जकात व मूल्यवर्धित कर यांच्या माफीची व्यवस्था केली.

समुदायाबाहेरून येणाऱ्यासाठी घातलेल्या अटी तपासण्याजोग्या आहेत. येणारा निदान सलग बारा महिने समुदायाबाहेर राहिलेला असावा. गाडी त्याच्या ताब्यात व वापरात निदान सहा महिने असावी. नवे निवासस्थान केल्यापासून बारा महिन्यांच्या आत ती आणावी. आणि आणल्यानंतर बारा महिनेपर्यंत ती विकू, भाड्याने देऊ वा उसनी देऊ नये. मद्य, तंबाखू आणि व्यापारी वाहने यांना ही सूट मुळीच नव्हती.

या अटींत कालमर्यादेला जे महत्त्व आले आहे, त्याचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. गाडी सामान आहे की माल, हा प्रश्न मनातील हेतूचा आहे, आणि हेतू सिद्ध करणे कठीण असते. कायद्याने त्याऐवजी काळ मोजला. सहा महिने वापरलेली गाडी स्वस्तात घेऊन महागात विकण्यासाठी आणली नसावी. आणि वर्षभर न विकली गेलेली गाडी खरोखर वापरासाठीच असावी. अशा रीतीने १७९९ च्या कायद्यातील 'वापरातील वस्तू' या कल्पनेला विसाव्या शतकाने दिवस व महिने यांचे माप दिले. या व्यवस्थेची पुढे २००९ साली पुनर्रचना झाली. परंतु या मुख्य अटी जशाच्या तशा राहिल्या.

५. 'नित्य निवास' कोणता ?

काळ मोजता आला, तरी माणूस नेमका राहतो कोठे, हे ठरविणे तितके सोपे ठरले नाही. १९८३ च्या नियमांनी 'नित्य निवास' याची व्याख्या केली : वैयक्तिक व व्यावसायिक संबंधांमुळे माणूस वर्षातून निदान १८५ दिवस जेथे राहतो, ते स्थान. नोकरी एका देशात व कुटुंब दुसऱ्या देशात असेल, आणि तो नियमितपणे कुटुंबाकडे परतत असेल, तर वैयक्तिक संबंधांच्या स्थानाला अग्रक्रम द्यावयाचा होता.

या व्याख्येची कसोटी १९९१ साली यूरोपीय न्यायालयापुढील एका खटल्यात लागली. एक डॅनिश नागरिक जर्मनीत राहावयास गेला होता. तेथे त्याची नोकरी होती, घर होते आणि गाडीची नोंदणीही तेथलीच होती. मात्र वर्षाहून अधिक काळ तो जवळजवळ प्रत्येक रात्र आणि शनिवार-रविवार डेन्मार्कमधील आपल्या मैत्रिणीकडे घालवीत असे. त्याचा नित्य निवास डेन्मार्कमध्येच आहे, असे डॅनिश अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने सर्व परिस्थितीचा एकत्र विचार करावयास हवा असे सांगून, केवळ एवढ्या गोष्टींवरून निवास बदलला असे मानता येत नाही, असा निर्णय दिला.

या खटल्याचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या निकालाहून अधिक त्यात विचारल्या गेलेल्या प्रश्नांत आहे. गाडीवर कर घ्यावा की नाही, हे ठरविण्यासाठी राज्याला माणसाच्या रात्री मोजाव्या लागल्या. जुना जकात-अधिकारी पेटी उघडून पाही. नवा अधिकारी माणसाच्या जीवनक्रमाची झडती घेऊ लागला. वस्तूची तपासणी सैल झाली, तसतशी व्यक्तीची तपासणी बारीक झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

६. जकातीकडून नोंदणीकराकडे

१९८३ च्या नियमांत एक लहानसे कलम होते, त्याचा परिणाम फार दूरवर झाला. मालमत्तेच्या देशांतर्गत वापराशी निगडित असलेले कर, उदाहरणार्थ मोटारीची नोंदणी-फी, रस्ता-कर आणि दूरदर्शनसंचाचा परवाना, यांना करमाफी लागू नाही, असे सभासद-राष्ट्रांतून येणाऱ्या मालमत्तेविषयीच्या नियमात नमूद होते. रचनेच्या वेळी हा अपवाद किरकोळ वाटला असावा. परंतु आयातीवरील कराला बंदी आणि नोंदणीवरील कराला मोकळीक, अशी विभागणी झाल्यावर कराचा ओघ कोणत्या वाटेने वाहील, हे सांगण्यास ज्योतिषी नको होता.

डेन्मार्कचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. त्या देशात मोटारी तयार होत नसत. तरीही गाडीच्या किमतीच्या ठरावीक मर्यादेपर्यंत १०५ टक्के व त्यापुढे १८० टक्के असा नोंदणीकर तेथे दीर्घकाळ होता. १९९० साली यूरोपीय न्यायालयाने या करासंबंधी दोन परस्परपूरक निष्कर्ष काढले. ज्या देशात तशा वस्तूचे उत्पादनच नाही, तेथे कर केवळ जबर आहे म्हणून तो पक्षपाती ठरत नाही. मात्र परदेशातून आलेल्या जुन्या गाडीची किंमत कर आकारताना नव्या गाडीच्या निदान नव्वद टक्के धरली जात असे, आणि ती पद्धत पक्षपाती आहे. कारण देशात अगोदर नोंदलेली जुनी गाडी विकताना तिच्या किमतीत उरलेला कराचा अंश वयाबरोबर घटत जातो. हाच न्याय पुढे पोर्तुगालच्या बाबतीत १९९५ व २००१ साली, तर नव्याने सभासद झालेल्या हंगेरी, पोलंड व रुमानिया यांच्या बाबतीत अनुक्रमे २००६, २००७ व २०११ साली लावण्यात आला. जुनी गाडी ही जुनीच मानली पाहिजे, एवढी साधी गोष्ट प्रस्थापित होण्यास वीस वर्षे लागली.

निवासांतराचा मूळ प्रश्न मात्र २००४ साली दोन खटल्यांतून उभा राहिला. ऑस्ट्रियात १९९२ पासून इंधनाच्या खपानुसार ठरणारा एक कर गाडीच्या पहिल्या नोंदणीवर घेतला जात होता. नोकरीच्या निमित्ताने जर्मनीहून ऑस्ट्रियात राहावयास आलेल्या एका दांपत्याला आपापल्या जुन्या गाड्यांवर तो भरावा लागला. गाड्या आम्ही विकत आणलेल्या नाहीत, बिऱ्हाडाबरोबर आणल्या आहेत, तेव्हा १९८३ ची माफी आम्हांस मिळाली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. हा कर आयातीवरील नसून नोंदणीवरील आहे, आणि एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात काम हलविताना करांच्या दृष्टीने काहीच फरक पडणार नाही, अशी हमी मूळ तहाने कामगाराला दिलेली नाही, असे त्याने म्हटले. बाहेरून आणलेल्या गाड्यांवर जो वीस टक्के जादा आकार होता, तो तेवढा बेकायदा ठरला. त्याच वर्षी नेदरलंड्समधून फिनलंडमध्ये परतलेल्या व्यक्तीच्या खटल्यात न्यायालयाने किंचित मऊ भूमिका घेतली. करआकारणी करता येईल. परंतु नागरिकत्वाच्या तत्त्वानुसार नव्या रहिवाशाची स्थिती तेथे पूर्वीपासून राहणाऱ्यांहून वाईट होता कामा नये, असे त्याने सांगितले.

या निर्णयांची तर्कशुद्धता नाकारता येत नाही. ज्या रस्त्यांवर गाडी धावणार, त्या रस्त्यांच्या राज्यात आधीच्या रहिवाशांनी जो कर भरला, तो नव्याने भरू नये, याला समर्थन कठीण आहे. परंतु त्याच माणसाने पहिल्या देशातही आपल्या गाडीवर कर भरलेला असतो, आणि तो त्याला परत मिळण्याची हमी नसते. म्हणजे प्रत्येक राज्य स्वतःच्या हद्दीत न्याय्य वागले, तरी दोन हद्दींमधून जाणाऱ्यावर दुहेरी भार पडतो. यूरोपीय आयोगाने हे ओळखून जुलै १९०५ नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनी, जुलै २००५ मध्ये, नोंदणीकर पाच ते दहा वर्षांत क्रमाक्रमाने रद्द करण्याची सूचना मांडली. करविषयक बाबतीत सर्व राष्ट्रांची एकवाक्यता लागते. ती लाभली नाही. नोंदणीची कार्यपद्धती सुलभ करण्याविषयी २०१२ साली पुढे आलेल्या सूचनेलाही कायद्याचे रूप आले नाही.

७. उपसंहार

१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन यूरोपीय जकात-संघाच्या बाहेर आहे. त्या दिवसापासून लंडनहून पॅरिसला बिऱ्हाड हलविणाऱ्याची गाडी पुन्हा परकी झाली. मोटारींवरील दहा टक्के सामायिक जकात आणि त्यावरील मूल्यवर्धित कर टाळावयाचा, तर बारा महिन्यांचे वास्तव्य व सहा महिन्यांचा वापर सिद्ध करणारे कागद त्याला पुन्हा जमवावे लागू लागले. ज्या अटी बाहेरच्यांसाठी १९८३ साली तयार झाल्या, त्या कालपर्यंतच्या घरच्या माणसाला लागू झाल्या.

भारतीय व्यवस्थेशी तुलना केली असता यूरोपीय माफीचे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. २००१ साली आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध उठल्यानंतर ठरलेल्या धोरणात जुनी मोटार तीन वर्षांहून अधिक जुनी नसावी, तिचे सुकाणू उजव्या बाजूस असावे आणि ती मुंबई बंदरातूनच आणावी, अशा अटी घालण्यात आल्या. परदेशात सलग दोन वर्षे राहून कायम वास्तव्यासाठी परतणाऱ्याला, गाडी निदान वर्षभर त्याच्या ताब्यात असल्यास, आयातीच्या काही अटींतून सवलत मिळाली. परंतु ती पूर्ण जकात भरण्याच्या अटीवर. काळाचे माप दोन्हीकडे आहे. यूरोपात त्या मापाने कर सुटतो. येथे केवळ दार उघडते. मुंबईच्या गोदीत उतरणारी गाडी परत आलेल्या माणसाची असली, तरी कायद्याच्या लेखी ती प्रथम मालच राहिली.

या सर्व इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. १९६८ व १९९३ या तारखांनी यूरोपातील आर्थिक सीमा पुसली, हे विधान वस्तूंच्या बाबतीत जेवढे खरे आहे, तेवढे माणसांच्या बाबतीत नाही. सरहद्दीवरील चौकी उठली. तिचे काम गावातील नोंदणी-कचेरीकडे गेले. सीमा ओलांडताना आता कोणी गाडी अडवीत नाही. परंतु नवे घर लावून झाल्यावर, क्रमांकाची नवी पाटी मागण्यासाठी माणूस खिडकीपाशी उभा राहतो, तेव्हा ती सीमा त्याला तेथे भेटते. स्थायिक होण्याच्या स्वातंत्र्याचा इतिहास लिहावयाचा, तर तहांच्या मजकुराइतकाच या कचेऱ्यांच्या दप्तरांचाही अभ्यास झाला पाहिजे.